ज्याच्या लक्षात आले, त्याने कळवायचे

प्राथमिक शाळेतील मुलांच्या सुरक्षिततेचा विषय निघाला की बहुधा कुंपण, फाटक, शिपाई आणि अलीकडे सीसीटीव्ही कॅमेरे एवढ्याच गोष्टी डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात कायद्याने आणि शासननिर्णयांनी शाळेवर टाकलेली जबाबदारी त्याहून कितीतरी विस्तृत आहे आणि तिचा गाभा वस्तूंपेक्षा माणसांच्या वागण्यात आहे. मूल जेवले का, ते लंगडत का चालते, फळ्यावरचे त्याला दिसते का, सलग चार दिवस ते का आले नाही, शाळा सुटल्यावर त्याला न्यायला आलेला माणूस कोण, हे प्रश्न कोणाला तरी पडावेत, त्यांची नोंद व्हावी आणि ज्याच्या हाती काही करण्याचा अधिकार आहे त्याच्यापर्यंत ती नोंद पोहोचावी, या सगळ्या व्यवहाराला बालसंरक्षण म्हणतात. शाळांमधल्या मोठ्या दुर्घटनांच्या हकिकती वाचल्या तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळते : काहीतरी बिनसले आहे हे कोणाच्या तरी आधीच लक्षात आलेले असते, अडते ते पुढे, सांगण्यात आणि ऐकून घेण्यात.

या जबाबदारीचा कायदेशीर पाया शिक्षणाच्या सक्तीतच आहे. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक मुलाला शाळेत आणणे हे शासनाचे कर्तव्य ठरले. ज्या मुलाला कायदाच शाळेत बसवतो, त्या मुलाच्या तेथील तासांची काळजीही कायद्यानेच घेतली पाहिजे, हे ओघाने आले. सर्वोच्च न्यायालयाने हाच विचार एप्रिल २००९ मध्ये, म्हणजे हा कायदा संमत होण्याच्या काही महिने आधी, अविनाश मेहरोत्रा खटल्यात मांडला आणि शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत असल्याचे सांगितले. त्या खटल्यामागे तमिळनाडूतील कुंभकोणम येथील आग होती. १६ जुलै २००४ रोजी तेथील एका शाळेत माध्यान्ह भोजनाच्या चुलीची ठिणगी गवती छपराला लागली आणि अरुंद जिना व दाटीवाटीचे वर्ग यांमुळे बाहेर पडता न आल्याने ९४ मुले मृत्युमुखी पडली. इमारतीची अग्निसुरक्षा तपासल्याशिवाय शाळेला मान्यता देऊ नये, अग्निशामक उपकरणे ठेवावीत, कर्मचाऱ्यांना ती वापरता यावीत, असे आदेश न्यायालयाने दिले. आज कोणत्याही शाळेच्या मान्यतेच्या कागदपत्रांत इमारतीच्या सुरक्षिततेचा दाखला मागितला जातो त्यामागे ही घटना आहे, आणि ज्या शाळेत अग्निशामक नळकांडे भिंतीला टांगलेले असते पण त्याची मुदत संपल्याचे कोणी पाहिलेले नसते, त्या शाळेने आदेशाचे अक्षर तेवढे पाळलेले असते.

नऊ वर्षांनी, योगायोगाने त्याच तारखेला, १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यातील गंडामन या गावी प्राथमिक शाळेतील जेवण खाऊन २३ मुले दगावली. स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे शेतीत फवारायचे कीटकनाशक मिसळले गेले होते. या घटनेतील सर्वांत विचार करायला लावणारा भाग असा, की स्वयंपाक करणाऱ्या बाईंनी तेल ठीक नसल्याची शंका आधी बोलून दाखवली होती आणि मुलांनीही भाजीच्या चवीबद्दल कुरकुर केली होती. तरी मुख्याध्यापिकेने जेवण वाढायला लावले. पुढे न्यायालयाने तिला दोषी ठरवून शिक्षा दिली. येथे यंत्रणेत काय नव्हते? शंका होती, ती बोललीही गेली, परंतु शाळेच्या उतरंडीत सर्वांत खालच्या पायरीवर असलेल्या व्यक्तीच्या शंकेमुळे पातेले चुलीवरून उतरवले जाईल अशी व्यवस्था नव्हती.

केंद्र शासनाने २०१५ मध्ये माध्यान्ह भोजनाचे नियम केले त्यात ही व्यवस्था करण्याचा प्रयत्न आहे. शिजलेले अन्न मुलांना वाढण्यापूर्वी शाळा व्यवस्थापन समितीच्या दोन-तीन प्रौढ सदस्यांनी, ज्यांत किमान एक शिक्षक असेल, ते चाखून पाहावे आणि अन्नाचे नमुने अधूनमधून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासले जावेत, असे त्यात म्हटले आहे. महाराष्ट्रात या योजनेला शालेय पोषण आहार म्हणत असत. २०२१ पासून तिचे नाव प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण असे झाले असले तरी गावोगावच्या बोलण्यात ती ‘खिचडी’च राहिली आहे. पहिली ते पाचवीच्या मुलासाठी दररोज १०० ग्रॅम धान्य, ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने असे तिचे प्रमाण आहे. चाखणाऱ्याने आपला अभिप्राय चव नोंदवहीत लिहून सही करायची असते. या वहीकडे पाहण्याची सवय तपासणी अधिकाऱ्यांनी लावून घेतली तर शाळेबद्दल बरेच कळते : रोजच्या रोज भरलेल्या वहीत शाई, अक्षर आणि अभिप्राय बदलत जातात, ‘डाळ कच्ची’, ‘मीठ जास्त’ असे शेरे अधूनमधून दिसतात, तर शनिवारी एकदम भरलेल्या वहीत सहा दिवस ‘चव चांगली’ एकाच हाताने, एकाच पेनाने लिहिलेले असते. तिखट झाल्याची तक्रार ज्या वहीत कधीच नाही, ती वही मुलांच्या उपयोगाची नाही. धान्य मोजून घेणे, पोत्याला कीड लागली नाही ना हे पाहणे, तेलाचा डबा कीटकनाशके किंवा जंतुनाशके ठेवलेल्या कपाटापासून दूर ठेवणे, पिण्याच्या पाण्याची टाकी धुतल्याची तारीख टाकीवर लिहिणे, या गोष्टी इतक्या साध्या आहेत की त्यांना सुरक्षा म्हणायला संकोच वाटावा, पण गंडामनची मुले यांपैकीच एका गोष्टीअभावी गेली.

जेवणाला लागूनच आरोग्याचा भाग येतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातील पालघर येथून झाली. जन्मजात व्यंगे, जीवनसत्त्वांसारख्या घटकांची कमतरता, बालपणातील आजार आणि वाढीतील विलंब यांचा शोध घेऊन अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांवर मोफत उपचार करणे, हे त्याचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी डॉक्टर, परिचारिका आणि औषधनिर्माता यांचे फिरते पथक वर्षातून एकदा शाळेत येते आणि अंगणवाडीत दोनदा जाते. वर्षातून एक दिवस येणाऱ्या पथकाने मुलाच्या हृदयातील दोष ओळखल्याची आणि त्यावर शस्त्रक्रिया झाल्याची उदाहरणे आहेत. मात्र उरलेल्या दिवसांत मुलाला पाहणारी एकच व्यक्ती असते, ती वर्गशिक्षिका. पुढच्या बाकावर बसवूनही फळ्यावरचे चुकीचे उतरवून घेणारा, नावाने हाक मारली तर मागे न वळणारा, खेळाच्या तासाला दोन फेऱ्यांत धापा टाकणारा मुलगा तिने पथक येण्याच्या दिवसासाठी नावानिशी लिहून ठेवला तर पथकाच्या दहा मिनिटांचा उपयोग होतो. फेब्रुवारीत येणाऱ्या राष्ट्रीय जंतनाशक दिनाची गोळी किंवा लोहाची गुलाबी गोळी देतानाही आजारी मूल वगळणे, गोळी आपल्यासमोर खायला लावणे आणि कोणाला दिली हे लिहिणे, ही कामे तिच्याकडेच येतात.

आता शिक्षेचा प्रश्न. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलाला शारीरिक शिक्षा देण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे आणि तसे करणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होते. शारीरिक शिक्षेत मारणे तर येतेच, शिवाय अंगठे धरून उभे करणे, उन्हात थांबवणे, उठाबशा काढायला लावणे, लघवीला जाऊ न देणे हेही येते. मानसिक छळात वर्गासमोर अपमान करणे, व्यंगावरून किंवा जातीवरून हिणवणे, टोपणनाव पाडणे, फी थकली म्हणून वेगळे बसवणे हे सारे मोडते. केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलणे झाले होते आणि शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ६५ टक्के मुलांनी शारीरिक शिक्षा झाल्याचे सांगितले होते. कायदा त्यानंतर दोन वर्षांनी आला. गोव्याने मात्र २००३ मध्येच मुलांसाठी स्वतंत्र कायदा करून बालकांच्या खटल्यांसाठी खास न्यायालय स्थापन केले होते, आणि देशभर लागू होणारा लैंगिक गुन्ह्यांचा कायदा येण्याच्या नऊ वर्षे आधी या छोट्या राज्याने हे पाऊल उचलले, याची दखल शेजारच्या महाराष्ट्रात फारशी घेतली गेली नाही. शिक्षेची चर्चा येथे लांबवण्याचे कारण असे, की तिचा पुढच्या विषयाशी थेट संबंध आहे. ज्या वर्गात चुकीच्या उत्तराला धपाटा मिळतो त्या वर्गातले मूल घरात किंवा शाळेत आपल्यावर काय ओढवले ते शिक्षकाला सांगेल अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. शिस्तीच्या नावाखाली दिलेली भीती मुलाचे तोंड नेमके तेव्हा बंद करते, जेव्हा ते उघडण्याची सर्वाधिक गरज असते.

लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा ‘पॉक्सो’ या नावाने ओळखला जातो आणि तो त्या वर्षीच्या १४ नोव्हेंबरपासून लागू आहे. अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती, मुलगा असो वा मुलगी, या कायद्याने बालक ठरते. शाळेच्या दृष्टीने त्यातील तीन तरतुदी महत्त्वाच्या आहेत. शाळेच्या व्यवस्थापनातील किंवा कर्मचारीवर्गातील माणसाने केलेला गुन्हा अधिक गंभीर मानला जातो आणि त्याला शिक्षाही जास्त आहे. असा गुन्हा घडल्याचे ज्याला कळले किंवा घडण्याची शक्यता वाटली, त्या प्रत्येक व्यक्तीने ते पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलेच पाहिजे, हे कलम १९ सांगते. येथे कायद्याला पुरावा अपेक्षित नाही, शंका पुरेशी आहे, आणि सद्‌हेतूने कळवणाऱ्याला संरक्षण आहे. कलम २१ नुसार न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो, आणि हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा संस्थेच्या प्रमुखाने दडवला तर ही मुदत एक वर्षापर्यंत जाते. ‘शाळेचे नाव खराब होईल’ हे कारण कायद्याच्या लेखी समर्थन नाही, ती गुन्ह्याची कबुली आहे.

चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृहातील मुलींच्या प्रकरणात मुलींची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांनी माहिती असूनही पोलिसांना कळवले नाही असा आरोप होता आणि उच्च न्यायालयाने त्यांच्यापुरता गुन्हा रद्द केला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि माहिती असताना गप्प राहणे हा गंभीर गुन्हा असून त्यामुळे कायद्याचा हेतूच विफल होतो, असे स्पष्ट केले. मुलाशी ज्याचा कामानिमित्त संबंध येतो त्या प्रत्येकाला हा निकाल लागू पडतो. शिक्षक, शिपाई, बसमधील मदतनीस, शिकवणीचे सर, कोणीही यातून सुटत नाही.

कळवल्यानंतर काय होते याची कल्पना पालकांना आणि शिक्षकांना क्वचितच असते, आणि गप्प राहण्यामागे ही अनभिज्ञताही बऱ्याचदा असते. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घेतला जातो. शक्यतो महिला अधिकारी तो घेते आणि त्या वेळी ती गणवेशात नसते. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. पोलिसांनी चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीला, म्हणजे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांबाबत निर्णय घेणाऱ्या जिल्हास्तरीय मंडळाला, तसेच विशेष न्यायालयाला कळवायचे असते. मुलाचे नाव, पत्ता, छायाचित्र आणि शाळेचे नावही प्रसिद्ध करण्यास माध्यमांना बंदी आहे. एखादे मूल शिक्षिकेला काही सांगू लागले तर तिने काय करावे, याबाबत या क्षेत्रात काम करणाऱ्यांचे एकमत आहे : मध्ये न तोडता ऐकावे, ‘त्याने असेच केले ना?’ अशा धर्तीचे उत्तर सुचवणारे प्रश्न विचारू नयेत, ‘कोणाला सांगणार नाही’ असे वचन देऊ नये कारण ते पाळता येणार नाही, मुलाचे शब्द जसेच्या तसे, दिनांक आणि वेळेसह लिहावेत, आणि खातरजमा करण्यासाठी मुलाला मुख्याध्यापक, संस्थाचालक, पालक अशा रांगेसमोर पुन्हा पुन्हा बोलायला लावू नये. खरेखोटे ठरवणे हे शाळेचे काम नाही. शाळेने चौकशी समिती नेमून आठवडा काढला की तेवढ्या काळात पुरावा जातो आणि मूल गप्प होते.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर येथील एका शाळेत पूर्वप्राथमिक वर्गातील दोन मुलींवर सफाई कामगाराने अत्याचार केल्याची तक्रार पुढे आली तेव्हा नेमका हाच वेळ वाया गेला. गुन्हा नोंदवून घेण्यास लागलेला विलंब आणि शाळेने स्वतःहून न कळवणे यांविरुद्ध जनक्षोभ उसळला, २० ऑगस्टला लोकांनी रेल्वेमार्ग रोखून धरला आणि मुंबई उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेत शाळेच्या व पोलिसांच्या वर्तनावर ताशेरे ओढले. न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव आणि शालिनी फणसळकर-जोशी यांच्या नेतृत्वाखाली उपाय सुचवण्यासाठी समिती नेमली. राज्य शासनाने त्याआधीच, २१ ऑगस्टला, शासननिर्णय काढून शाळांना महिनाभरात सीसीटीव्ही बसवण्यास, कर्मचाऱ्यांची पोलिसांकडून चारित्र्यपडताळणी करून घेण्यास, तक्रारपेटी ठेवण्यास आणि सखी सावित्री समित्या स्थापन करण्यास सांगितले. यांतील बहुतेक गोष्टी नव्या नव्हत्या. सखी सावित्री समितीचा निर्णय मार्च २०२२ चा आहे. महिला शिक्षक, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, ग्रामपंचायतीची महिला सदस्य, पालक आणि विद्यार्थी यांना एकत्र बसवण्याची ही कल्पना कागदावर चांगलीच आहे. कर्मचाऱ्यांच्या पडताळणीची अट पॉक्सोच्या २०२० च्या नियमांत आहे. तक्रारपेटीचे आदेशही जुनेच. घटना घडली की जुन्या आदेशांची नवी प्रत निघते आणि मुख्याध्यापक आणखी एका समितीची फाइल उघडतात. शाळा व्यवस्थापन समिती, माता-पालक संघ, परिवहन समिती, सखी सावित्री समिती, अशा एकाच गावातल्या त्याच दहा-बारा माणसांच्या समित्या एकमेकींवर रचल्या गेल्या की अमुक शंका कोणाकडे न्यायची याचे उत्तर सोपे होण्याऐवजी अवघड होते. कॅमेऱ्याचीही मर्यादा ओळखली पाहिजे. तो स्वच्छतागृहात बसवता येत नाही, आणि चित्रण कोणी पाहत नसेल तर घडून गेल्यानंतरचा पुरावा एवढाच त्याचा उपयोग उरतो.

जबाबदार व्यक्ती एकच आणि नावानिशी ठरलेली असावी, हा धडा इंग्लंडने दोन दुःखद प्रकरणांतून घेतला. २००२ मध्ये केंब्रिजशायरमधील सोहॅम या गावी दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला. खुनी तेथील माध्यमिक शाळेचा देखभाल कर्मचारी होता आणि दुसऱ्या भागातील पोलिसांकडे त्याच्याविरुद्ध पूर्वी अनेक तक्रारी येऊनही त्या नेमणुकीच्या वेळी शाळेपर्यंत पोहोचल्या नव्हत्या. बिचर्ड चौकशीच्या २००४ च्या अहवालानंतर तेथे मुलांसोबत काम करणाऱ्या प्रत्येकाची पूर्वपीठिका तपासण्याची केंद्रीय व्यवस्था उभी राहिली. दुसरे प्रकरण कव्हेंट्री शहरातले आहे आणि प्राथमिक शाळांसाठी ते अधिक बोलके आहे. मार्च २०१२ मध्ये तेथे चार वर्षांचा एक मुलगा घरातील उपासमारीने व मारहाणीने मरण पावला. तो शाळेत जात होता. इतर मुलांच्या डब्यांतून तो खाणे घेतो, कचऱ्याच्या पेटीतले उचलून खातो, हे शिक्षकांना दिसत होते. त्याच्या अंगावरचे वळ निरनिराळ्या वेळी निरनिराळ्या कर्मचाऱ्यांनी पाहिले होते. आईने हा खाण्याचा आजार असल्याचे सांगितले आणि शाळेने त्याच्या आवाक्यातले खाणे दूर ठेवले. पुढच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या चौकशी अहवालाने दाखवून दिले, की प्रत्येकाकडे एकेक तुकडा होता, पण ते तुकडे एका ठिकाणी, एका वहीत, एका माणसासमोर आले नाहीत. शिवाय घरी पोलिश बोलणाऱ्या त्या मुलाशी त्याच्या भाषेत कोणी बोलले नाही. आज इंग्लंडमधील प्रत्येक शाळेत वरिष्ठ पदावरचा एक शिक्षक बालसंरक्षणाचा प्रमुख म्हणून नेमलेला असतो आणि शिक्षकांपासून स्वयंपाकघरातील मदतनिसांपर्यंत कोणालाही काही खटकले तर ते त्याच्याकडे लेखी द्यावे लागते. एरवी क्षुल्लक वाटणारी नोंद तिसऱ्यांदा आली की तिचा अर्थ बदलतो, हे या पद्धतीमागचे तत्त्व आहे. मेळघाटातील कोरकू, नंदुरबारमधील भिली किंवा विटभट्टीवर आलेल्या कुटुंबातील परप्रांतीय मूल मराठी शाळेत गप्प बसते तेव्हा कव्हेंट्रीच्या अहवालातील भाषेचा मुद्दा महाराष्ट्रालाही तितकाच लागू होतो.

नोंदींपैकी सर्वांत जुनी आणि सर्वांत दुर्लक्षित नोंद म्हणजे हजेरी. तिचे खरे मोल ऊसतोडीच्या पट्ट्यात दिसते. दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना या जिल्ह्यांतील कुटुंबे कोयते घेऊन कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. या पाच-सहा महिन्यांत पालांवर गेलेल्या मुलाच्या वाट्याला उघड्यावरचे राहणे, उसाच्या गाड्यांमधला वावर, धाकट्या भावंडांची राखण आणि हळूहळू शाळेचा कायमचा निरोप येतो. मूल हजेरीपटावर ‘गैरहजर’ म्हणून लाल शाईत राहते आणि एका दिवशी त्याचे नाव शाळाबाह्य मुलांच्या यादीत जाते. महाराष्ट्रातील बालरक्षक चळवळीने या लाल शाईकडे पाहण्याची दृष्टी बदलली. बालरक्षक म्हणजे आपल्या परिसरातील मूल शाळेपासून तुटू नये यासाठी स्वेच्छेने पुढे आलेला शिक्षक किंवा अधिकारी. तो टोळी निघण्याच्या आधीच मुकादमाशी आणि आईवडिलांशी बोलतो, आजी किंवा चुलती घरी असेल तर मुलाला तिच्याकडे ठेवण्यास राजी करतो. अशा मुलांसाठी गावातच हंगामी वसतिगृह चालवले जाते, ज्यात शाळा व्यवस्थापन समिती सकाळ-संध्याकाळचे जेवण पुरवते आणि मूल रात्री नातेवाइकांकडे झोपते. कुटुंबाबरोबर जाणेच भाग असेल तर मुलाला शिक्षण हमी कार्ड दिले जाते, ते दाखवले की मूल जिथे पोहोचेल तिथल्या शाळेने त्याला वर्गात बसवून घ्यायचे असते. शिक्षणाची योजना म्हणून याकडे पाहिले जाते. खरे तर ती बालसंरक्षणाचीही योजना आहे, कारण आठ-नऊ वर्षांच्या मुलीसाठी पालावरच्या एकट्या दुपारीपेक्षा वर्गातली दुपार सुरक्षित असते. वसतिगृहाचा निधी वेळेवर न आल्याने शिक्षकांनी किराणा उधारीवर भरल्याचे प्रसंगही या भागात नवे नाहीत.

शहरी शाळांत यापेक्षा वेगळी चिंता असते, ती प्रवासाची. महाराष्ट्राने २०११ मध्ये शालेय बसचे नियम केले. प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी आणि मुली असलेल्या बसमध्ये महिला मदतनीस असावी, असे त्यांत आहे. अडचण बसची नसून तिच्याबाहेर राहणाऱ्या रिक्षा आणि व्हॅनची आहे, ज्यांत परवडते म्हणून पालक स्वतःच मुलांना कोंबतात आणि ज्यांच्या चालकाचे पूर्ण नावही शाळेला माहीत नसते. शाळा सुटतानाची वेळ याच कारणाने दिवसातील सर्वांत नाजूक असते : पहिली-दुसरीच्या मुलाला कोण नेणार याची यादी वर्गशिक्षिकेकडे असणे, यादीबाहेरचा माणूस आला तर घरी फोन झाल्याशिवाय मुलाला न सोडणे, आणि आईवडिलांमध्ये ताब्याचा वाद असेल तर न्यायालयाच्या आदेशाची प्रत शाळेत असणे, या सवयी ज्या शाळांनी लावून घेतल्या त्यांना त्यासाठी वेगळा खर्च करावा लागला नाही.

सर्वांत बिकट प्रश्न लहान शाळांचा आहे. वाड्यावस्त्यांवर वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा महाराष्ट्रात हजारोंनी आहेत आणि त्यांत बहुधा दोन शिक्षक असतात, त्यांतला एक बैठकीला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला की उरतो एकच. अशा शाळेत समुपदेशक नाही, परिचारिका नाही, आणि तक्रार त्या एकट्या शिक्षकाविरुद्धच असेल तर मुलाने कोणाकडे जायचे? तक्रारपेटी असली तरी तिची किल्ली त्याच्याच टेबलाच्या खणात असते. समूहातील शाळांना नियमित भेट देणारा केंद्रप्रमुख हे कागदावरचे उत्तर आहे. ज्या केंद्रात ते पद रिकामे आहे तिथे शेजारच्या केंद्राचा माणूस अतिरिक्त कार्यभार म्हणून महिन्याकाठी एखादी फेरी मारतो. अंगणवाडी सेविका आणि आशा कार्यकर्ती या दोघी मात्र त्याच वस्तीत राहतात, घरोघरी जातात आणि शिक्षण खात्याच्या हाताखाली नाहीत, म्हणून पेटीची किल्ली त्यांच्यापैकी एकीकडे देणे आणि ती दर आठवड्याला एखाद्या मातेसमोर उघडणे अधिक शहाणपणाचे ठरेल. यापलीकडे मुलाला स्वतः वापरता येईल असा एक मार्ग आहे, १०९८ हा मोफत दूरध्वनी क्रमांक. रस्त्यावरच्या मुलांसाठी तो १९९६ मध्ये मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेतील जेरू बिलिमोरिया यांच्या पुढाकाराने सुरू झाला, पुढे देशभर पसरला, आणि २०२३ पासून तो महिला व बालविकास विभागामार्फत चालवून ११२ या आपत्कालीन सेवेशी जोडला जाऊ लागला. हा क्रमांक शाळेत लावण्याचे आदेश अनेकदा निघाले आहेत. तो वर्गाच्या भिंतीवर दुसरीतल्या मुलीच्या नजरेच्या उंचीला रंगवलेला आहे की मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे चौकटीत टांगलेला आहे, हे तपासायला येणाऱ्या अधिकाऱ्याला एक मिनिटही लागत नाही.